न जाळलेल्या बांधावरची राणी

तीन वर्षे लिओंटिनाच्या शेतात तांबडा क्लोव्हर, म्हणजे गुरांच्या वैरणीचे पीक, भरघोस फुलला, आणि तिन्ही वर्षे त्याच्या बोंडांत बी धरले नाही. शेताला लागूनच तिचा दीर सेवेर याच्या मधमाश्यांच्या पेट्या रांगेने मांडलेल्या होत्या.

मित्रांनो, मी एक म्हातारी भुंगी आहे, मधमाशीची केसाळ, दांडगी बहीण. पिवळ्या पट्ट्यांची, पांढऱ्या शेपटाची आणि जवळजवळ अंगाइतक्या लांब जिभेची. मला राणी म्हणतात. या राणीने हिवाळा जमिनीखाली एकटीने काढला, घर स्वतः शोधले, मेण स्वतः गाळले आणि पहिली अंडी स्वतःच्या पोटाखाली उबवली.

घर मिळाले ते बांधावरच्या वाळल्या गवतात, उंदराने सोडलेल्या बिळात. त्या गावात वसंतात, ईस्टरच्या सणापूर्वी, बांध जाळण्याची रीत आहे. काळाभोर बांध असेल तर घर नीटनेटके मानतात. लिओंटिना काडेपेटी घेऊन आली, मला बिळात शिरताना पाहून थबकली आणि तशीच परतली.

“वहिनी, लाज आहे का? अख्खं गाव हसतंय तुझ्या बांधाला!”

“हसू दे, भाऊजी. शेवटचं बी धरलं, त्या वर्षी बर्फ उशिरा वितळला. बांध पेटलाच नव्हता. मला बघायचंय.”

“आणि नाही धरलं तर?”

“तर पेरायला काही नाही, गायीला वैरण नाही. गाय विकेन. मग या दूध मागायला!”

माझ्या मुली एकामागून एक बाहेर पडल्या. पहाटेच्या गारठ्यात, पेट्या अजून निजलेल्या असताना, आमचे काम सुरू होई. अख्खे शेत गुणगुणत होते!

उन्हाळा सरताना लिओंटिनाने सुकलेले बोंड तळहातावर चोळले. पिवळसर, जांभळट दाणे पडले.

“माझ्याच माश्यांची करामत!” सेवेर म्हणाला.

“अजून चार तुरे फुललेत. जरा वाका, भाऊजी. कंबर मोडणार नाही.”

तो वाकला. त्याच्या माश्या पलीकडच्या पांढऱ्या फुलांवर होत्या. तांबड्या तुऱ्यांत तोंड खुपसून बसल्या होत्या त्या माझ्या मुली.

“बरं, बरं,” तो पुटपुटला. “माझाही बांध राहील तसाच.”

माझे पंख आता विरले आहेत. पण गाय गोठ्यात आहे आणि माझ्या धाकट्या लेकी, पुढच्या राण्या, त्याच बांधाखाली निजायला निघाल्या आहेत. मित्रांनो, वाळले गवत ओसाड समजू नका.

तांबड्या क्लोव्हरच्या फुलाची नळी मधमाशीच्या जिभेहून खोल असते. जिची जीभ तळापर्यंत पोहोचते, तिचे घर दर वसंतात जाळले जात होते.