के-आयच्या चार ओळी

मित्रांनो, शेवटी महादेव सर निर्दोष सुटले. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आपण आत्ताच भेटतो आहोत.

मी एक जुना प्रोग्राम आहे. बेसिक नावाच्या भाषेत लिहिलेला. मुक्काम, कॅसेटची बी बाजू; तेव्हा प्रोग्राम गाण्यांच्या कॅसेटवरच आवाज म्हणून साठवत. ए बाजूला श्यामला बाईंच्या मामांच्या लग्नातली सनई आहे, त्यामुळे माझी सुरुवातीपासून मागच्या दारानेच ये-जा.

माझा जन्म १९८७ साली अलिबागच्या एका शाळेत झाला. गणिताच्या श्यामला बाईंनी मला घडवलं. काम साधं होतं. प्रोग्राममध्ये आकडे ठेवायला डबे असतात आणि प्रत्येक डब्याला नाव असतं. त्याला चल म्हणतात. कुठला चल कुठल्या ओळीत वापरला, याची यादी मी काढून देत असे. पुस्तकाच्या शेवटी सूची असते, तसाच मी. सूची कुणी आवडीने वाचत नाही, हेही तसंच.

त्याच वर्षी भौतिकशास्त्राच्या महादेव सरांनी भरती-ओहोटीचा प्रोग्राम लिहिला. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाला आणि ओहोटी बाराला. हे सरांना त्यांच्या आजोबांनी शिकवलं होतं आणि सरांनी ते मशीनला शिकवलं. शाळेत कॅसेट एकच, तीही बाईंची, म्हणून तो प्रोग्राम माझ्या शेजारी राहायला आला. शेजारी शांत होता.

अष्टमीला नववीची सहल समुद्रातल्या किल्ल्यावर निघाली. ओहोटीला तिथे चालत जाता येतं. खरं तर साडेदहाला किनारा सोडायचा आणि एकला किल्ला. मशीनने सांगितलं, "किनारा सोडा, एक वाजता. किल्ला सोडा, एक वाजता."

बाई म्हणाल्या, "सर, दोन्ही एकच कसं?"

"भर द्यायला दोनदा सांगितलंय," सर म्हणाले.

एकतीस मुलं आणि सर एकला निघाले. पोहोचले, डबे उघडले, आणि मागून पाणी आलं. संध्याकाळी रामा नावाच्या कोळ्याने होडीतून चार फेऱ्यांत सगळ्यांना परत आणलं. त्या दिवसापासून सरांचं नाव किल्लेदार पडलं. विनेश नावाच्या मुलाने ठेवलं आणि गावाने चालवलं.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "माझी यादी चालवून बघा ना. पाच मिनिटांचं काम."

"बाई, पाऊणपट चुकलेली नाही. मला तपासणी नको."

झालं. ज्या कामासाठी माझा जन्म झाला तेच काम शेजारच्या घरात होतं आणि मला बोलावणं नव्हतं. बाईंनी कॅसेट लाडवांच्या रिकाम्या डब्यात ठेवली. तिथे मी अडतीस वर्षं तुपाचा वास घेत काढली.

यंदा त्या नववीचं स्नेहसंमेलन नागावला ठरलं, विनेशच्याच वाडीत. सर म्हणाले, मी येणार नाही. अडतीस वर्षांत त्यांनी समुद्राकडे पाठ करून भाजी आणली होती. आता पंच्याहत्तरी उलटल्यावर तिथे बसून किल्लेदार ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

बाईंनी नातीला, आश्लेषाला, डबा काढायला लावला आणि सरांना चहाला बोलावलं. आश्लेषाने माझा आवाज लॅपटॉपमध्ये भरला. मी बोलताना किंचाळतो, त्यामुळे शेजारणीने भिंतीपलीकडून विचारलं, "मिक्सर बिघडला काय गो?"

मग जुन्या मशीनचं सोंग घेतलेल्या लॅपटॉपवर मी शेजाऱ्याचं घर तपासलं आणि जे दिसलं ते सांगितलं. के-आय: ओळी ६०, ७०, ९०, १००.

सरांनी चष्मा पुसला. "के-आय? असं नाव मी ठेवलेलंच नाही."

"तुम्ही दोन ठेवलीत, सर," आश्लेषा म्हणाली. "किनारा आणि किल्ला. ते मशीन इंग्रजी स्पेलिंगची पहिली दोनच अक्षरं वाचायचं. साठाव्या ओळीत साडेदहा ठेवले, सत्तराव्या ओळीत त्याच डब्यात एक ठेवला. पुढे नव्वद आणि शंभर या ओळींनी तोच एक दोनदा छापला."

"म्हणजे पाऊणपट?"

"बरोबर होती," बाई म्हणाल्या.

सर बराच वेळ त्या चार आकड्यांकडे बघत राहिले. माझ्याकडे इतका वेळ कुणीच बघितलेलं नाही.

"विचारायला हवं होतं, बाई. पाच मिनिटांचं काम होतं."

"चहा गार होतोय," बाई म्हणाल्या.

रविवारी सर नागावला गेले. खिशात मी, म्हणजे माझी छापील यादी, चार घड्या घालून. फाटकातच विनेशने हाक मारली, "या किल्लेदार!"

"किनारेदारही म्हण," सर म्हणाले. "मशीनला दोन्ही एकच." आणि त्यांनी पन्नाशी उलटलेल्या नववीला पाऊण तास उभं करून के-आय समजावलं. नंतर सगळे मिळून समुद्र बघायला गेले. सर पुढे होते.

मित्रांनो, घरातल्या जुन्या कॅसेटी फेकू नका. आत कुणीतरी उत्तर घेऊन बसलेलं असतं.

सबब, सर्व संबंधितांस विनंती की, यापुढे कोणाचेही नाव किमान तिसऱ्या अक्षरापर्यंत वाचण्यात यावे. तसेच लाडवांच्या डब्यातील अडतीस वर्षे सलग सेवा धरून अर्जदारास ए बाजूवर बढती द्यावी आणि सनईस योग्य ती पर्यायी जागा देण्यात यावी.