आत या म्हटल्याबिगर

“ह्याला भला म्हणत्यात व्हय?” आत्तींनी टीव्हीकडं बोट रोखलं. पडद्यावरचा गोरापान व्हॅम्पायर हरणाच्या मानेतून सुळे काढून रडत होता. माणसाचं रक्त प्यायचं नाही, अशी शपथ घेतली होती बिचाऱ्यानं. “मानूस सोडलं आन् हरीण मारलं. हरणाचा जीव जीव न्हाय? आन् वर रडतोय!”

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, राजमती. दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही न घेणाऱ्या, पण दुपारभर हिंदीत डब केलेल्या असल्या मालिका बघत बसणाऱ्या. एरवी मला हसू आलं असतं. पण गर्भाशयातल्या गाठीनं त्यांचं हिमोग्लोबिन पाचावर आलं होतं. रक्त चढवल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि आत्ती हटून बसल्या होत्या. “दुसऱ्या जीवाचं रक्त अंगात घेनार न्हाय. मेले तरी चालंल.” त्यांच्या मुलानं, अभिनंदननं, पाया पडून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मी मात्र हार मानणार नव्हते. माझ्या बाळंतपणात आईच्या वर केलं होतं ह्या बाईनं. हट्टापायी मरू देईन होय? मी दुसरी मालिका लावली. त्यातला व्हॅम्पायर दवाखान्यातल्या पिशवीतलंच रक्त प्यायचा.

“आन् ह्यो कसा वाटतोय, आत्ती?”

“त्यो बरा. दिलेलंच घेतोय. ‘आत या’ म्हटल्याबिगर कुनाचा उंबरा वलांडत न्हाय. रीतभात हाय त्येला.”

“मग तुमाला चढवायचं रक्त तसलंच की! कुनी मेलंय व्हय त्येच्यासाठी? त्या सुळेवाल्याला माफ आन् तुमाला पाप?”

मालिका संपल्यावर मी टीव्ही बंद केला, तरी आत्ती पडद्याकडंच बघत राहिल्या. मला वाटलं, जास्तच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जैन बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, दर्शन घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “चल दवाखान्यात. पन मी इचारल्याबिगर काय सुरू करायचं न्हाय.”

क्रांती नावाच्या नर्सनं सुई लावली, पिशवी अडकवली. आत्तींनी तिचा हात धरला. “ज्येचं हाय, त्येनं खुशीनं दिलंय न्हवं?”

“व्हय की, मावशी. शिबिरात रांगा लावून देत्यात लोक. नाव तेवढं न्हाय सांगता येत.”

आत्तींनी नळीकडं पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मोकळा हात छातीशी नेला.

“या पावणं,” त्या म्हणाल्या. “आत या.”