साहेबांना हसवणारा

लातूर जिल्हा नवा झाला, कलेक्टर आले, जीपगाड्या आल्या. पाऊस तेवढा यायचा राहिला. किल्लारीजवळ दुष्काळी कामावर तलाव खोदायला घेतला आणि मुकादम म्हणून धोंडप्पाची वर्णी लागली. नोकरी तात्पुरती. कायम करणं पुण्याहून आलेल्या इंजिनियरसाहेबांच्या हातात होतं, आणि साहेबांना हसायला आवडायचं.

मग काय, धोंडप्पा हसवायचा. "आमच्या मराठवाड्याचा माणूस, साहेब, दुपार झाल्याबिगर डोळा उघडत न्हाई. निजामानं लाडावून ठिवलाय!" साहेब पोट धरून हसत. आपण आपलीच माणसं विकतोय हे या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं तरी त्यानं ते मुकाट गिळलं.

त्याच कामावर त्याची आई गौरम्मा माती वाहायची. लिंगायत घरातली बाई. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घालायची नाही. आणि घरच्या घागरी दोन दिवस कोरड्या. कामावर टँकर यायचा अकराला. तोवर पूजेला पाणी नाही, आणि पूजा नाही म्हणून प्यायलाही नाही.

त्या दिवशी सकाळपासूनच ऊन भाजून काढत होतं. साडेनऊच्या सुमाराला ती पाटी टाकून बाभळीखाली बसली, आणि नेमकी साहेबांची नजर गेली.

"धोंडप्पा, तू म्हणतोस ते खरं रे! दहासुद्धा वाजले नाहीत, बसली बघ. कोण ही बाई?"

'माझी आई' हे शब्द धोंडप्पाच्या ओठांवर आले होते. पण कायम होण्याचा कागद साहेबांच्याच सहीला थांबला होता.

"असत्यात एकेक आळशी, साहेब," तो म्हणाला, आणि मेला हसलासुद्धा.

गौरम्मानं ऐकलं. ती उठली, पाटी डोक्यावर घेतली आणि अकरापर्यंत एकदाही बसली नाही.

टँकर आला तेव्हा साहेबांची जीप निघून गेली होती. धोंडप्पानं सगळ्यांच्या आधी तांब्या भरला आणि धावतच तिच्याकडे गेला. बाभळीखाली ती एकटीच होती.

"अव्वा, हे घे. पूजा कर आधी. चुकलं माझं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि परक्या पुरुषासमोर ओढावा तसा पदर पुढं ओढून घेतला.

"ठिवा तितं, साहेब," ती म्हणाली.