आपांचा गैन

“ज्या दिवशी माझा गैन बिघडेल, त्या दिवशी हसायचं नाही. माणूस पाठवायचा,” असं अख्तरीआपांनी मला फ्रेंचच्या पहिल्याच तासाला सांगितलं होतं. समोरच्या किराणा दुकानातल्या चांदपाशाभाईंचा नंबर लिहून घे, असंही म्हणाल्या होत्या. मी मान हलवली आणि वहीत पहिला धडा उतरवून घेतला. नंबर लिहिला नाही. एकाहत्तर वर्षांची एकटी बाई अशा गोष्टी बोलायचीच, असं मनात आलं आणि गेलं.

गैन म्हणजे उर्दूतला घशातून येणारा ग. ‘गरीब’मधला, ‘बाग’मधला. आपल्या मराठी तोंडाला तो सहसा लागत नाही. आपांच्या आईचा आधी गैन गेला होता, मग उजवा हात गेला आणि चार महिन्यांनी आईच गेली. हे त्यांनी चहात साखर ढवळावी इतक्या सहज सांगितलं, म्हणूनही असेल, मला ते खरं वाटलं नाही.

मी फ्रेंच शिकत होते ती भीतीपोटी. माझ्या नवऱ्याला, बद्रीनाथला, फ्रान्समध्ये लिऑनच्या कारखान्यात नोकरी लागली होती. तो पुढं गेला होता आणि मी व चिमी एप्रिलमध्ये जाणार होतो. चिमी चार वर्षांची. तिला शेंगदाणा चालत नाही. आपल्याकडं भाजीत कूट, चटणीत कूट, पोह्यांत अख्खे दाणे. वैजापूरला एका लग्नात तिनं कुणाच्या तरी ताटातला लाडू उचलला आणि दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. ते माझ्या कानांतून अजून गेलेलं नाही. तिथं सगळे आपले होते, गाडी होती, डॉक्टर ओळखीचे होते. लिऑनमध्ये मला फोन उचलून परक्या माणसाला सांगावं लागणार होतं आणि त्याला ते पहिल्याच वेळी कळायला हवं होतं.

शहरातल्या क्लासमध्ये मी परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाले. मग बद्रीनाथनं माझं रेकॉर्डिंग त्याच्या ऑफिसातल्या एका फ्रेंच बाईंना ऐकवलं. त्यांना एक अक्षर कळलं नाही. त्या रात्रीपासून मला झोप लागेना.

आपांचं नाव मला क्लासच्या सरांनीच दिलं. आपा तरुण असताना वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढणारं एक फ्रेंच जोडपं त्यांच्या खुलताबादच्या घरी तीन हिवाळे वरच्या खोल्यांत राहिलं होतं. त्यांना चहा नेऊन देता देता आपा भाषा शिकल्या. “व्याकरण तुला माझ्यापेक्षा जास्त येतं,” त्या म्हणाल्या, “पर कान मेरा है. बोल.”

मी वाक्य बोलले. मा फीय एतालेर्जीक ओझाराशीद. माझ्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. एल रेस्पीर माल. तिला नीट श्वास घेता येत नाहीये.

“हा र कुठून काढलास? बैलगाडीतून?” आपा म्हणाल्या. “तुझा र जिभेच्या शेंड्यावर नाचतो. त्याला खाली बसव. जीभ झोपू दे. आता गरम पाण्याच्या गुळण्या कर. केल्यास? आता तशाच, पण पाण्याशिवाय. हां, हाच आमचा गैन. त्याला थोडा पातळ कर, झाला फ्रेंच र.”

सहा महिने मी बिनपाण्याच्या गुळण्या केल्या. भांडी घासताना, चिमीची वेणी घालताना. माझ्या सासूबाई, द्वारकाबाई, वैजापूरहून आमच्या शहरातल्या, गारखेड्याच्या घरी राहायला आल्या होत्या. त्या म्हणायच्या, “लई झालं गं तुझं. शेजारचे म्हणतील, सुनंला घशाचं दुखणं लागलंय आन सासू दवाखान्यात नेत नाय.”

आपांची एक रीत होती. रोज सकाळी सहाला त्या फोनवर त्यांच्या आवाजात वाक्य पाठवायच्या, मी सात वाजायच्या आत माझ्या आवाजात परत पाठवायचं. त्याला त्या हजेरी म्हणायच्या. चुकलं तर दहा वेळा म्हणायचं, दहाव्यांदा बरोबर आलं तर आणखी दहा वेळा. “बिघडलेला आवाज रियाजानंच सुधारतो,” हे त्यांचं उत्तर सगळ्याला होतं. हळूहळू माझा कान असा झाला की बसमधल्या कंडक्टरचा ग कुठून येतो हेही मला कळायला लागलं.

मार्चमध्ये रमजान सुरू होता. एका मंगळवारी सहाची हजेरी आली आणि ‘रेस्पीर’मधला र घसरला. घशातून यायच्या ऐवजी तो कुठंतरी मध्येच मऊ होऊन विरघळला. मी दोनदा ऐकलं. वाटलं, रोजा आहे, पहाटेपासून पाणी नाही, घसा कोरडा पडला असेल. रोजा धरलेल्या म्हाताऱ्या बाईला तुमचा उच्चार चुकला म्हणायचं कसं? मला ते उद्धटपणाचं वाटलं. मी माझं वाक्य पाठवलं आणि खाली गमतीनं लिहिलं, ‘आपा, आज तुम्ही दहा वेळा.’ आणि हसणारा चेहरा टाकला.

उत्तर आलं नाही.

बुधवारी हजेरी सातला दहा कमी असताना आली. या वेळी ‘प’सुद्धा फुटका होता. ओठांच्या एका बाजूनं हवा निसटल्यासारखा. चिमी दूध पीत बसली होती. ती म्हणाली, “आई, आपा माझ्यासारख्या बोबड्या बोलतायत.”

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. पहिल्या तासाचं ते वाक्य आठवलं.

फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला, पुन्हा तेच. चांदपाशाभाईंचा नंबर वहीत शोधला, जणू मी तो लिहिला असेन. त्या पानावर फक्त पहिला धडा होता.

“चिमीला बघा,” मी सासूबाईंना म्हटलं.

“आगं पर झालं काय?”

“आपांचं बोलणं बिघडलंय.”

“बोलणं बिघडलं म्हनून कुनी खुलताबादला पळतं व्हय?” त्या म्हणाल्या, पण माझ्या तोंडाकडं बघून गाडीची किल्ली त्यांनीच काढून दिली.

दौलताबादच्या पुढं घाट लागतो. तिथं मी किती वेगानं गाडी चालवली ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की हेल्मेटच्या आत मी मोठमोठ्यानं एल रेस्पीर माल, एल रेस्पीर माल म्हणत होते. दुसरं काही सुचतच नव्हतं. मध्येच वाटायचं, कदाचित कवळी सैल झाली असेल, दातदुखी असेल, मी पोचेन आणि आपा म्हणतील, काय गं, वेडी का तू. असं व्हावं म्हणून मी लेण्यांच्या देवापासून दर्ग्यातल्या पीरापर्यंत सगळ्यांना विनवलं.

आपांचं निळं दार आतून लावलेलं होतं. दुकानातले चांदपाशाभाई माझी हाक ऐकून आले. “कालपासून बाहेर नाही आल्या,” ते म्हणाले. “रमजान में आपा इबादत में रहते, मी पण त्रास नाही दिला.” म्हणजे त्यांनीही तेच केलं होतं जे मी केलं. अदब राखली.

त्यांनी खिडकीतून हात घालून कडी काढली.

आपा लाकडी तख्तावर बसल्या होत्या. बसलेल्या बघून मला आधी हायसं वाटलं. मग त्यांचं तोंड दिसलं. उजवी बाजू खाली ओघळली होती. उजवा हात मांडीवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा पडला होता. डाव्या हातात फोन होता आणि त्या त्यात बोलत होत्या. एल रेस्पीर. थांबल्या. एल रेस्पीर. पुन्हा थांबल्या. मी आत आलेली त्यांना दिसली, पण वाक्य पुरं करूनच त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

“नाही येत गं,” त्या म्हणाल्या. शब्द लाळेत भिजलेले होते. “कालपासून रियाज करतेय.”

मी फोन हातात घेतला. न पाठवलेली रेकॉर्डिंग होती. मंगळवार सकाळपासूनची. एकवीस, बावीस, किती तरी. ज्या बाईनं मला सावध केलं होतं ती स्वतःचं दुखणं उच्चाराची चूक समजून कालपासून दुरुस्त करत बसली होती. आणि मी तिला लिहिलं होतं, दहा वेळा म्हणा.

चांदपाशाभाईंनी गाडी काढली. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “त्रास कधी सुरू झाला?” मी फोन पुढं केला. मंगळवार, सहा वाजून चार मिनिटं. त्यांनी ते ऐकलं, वेळ बघितली आणि एवढंच म्हणाले, “काल आणायला हवं होतं.” आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

आपा वाचल्या. पंधरा दिवसांनी खुलताबादला परत गेल्या. हात उचलता येतो, पकडता येत नाही. बोलतात, पण अडखळत. डॉक्टरांनी बजावलं की दुसरा झटका येऊ शकतो, बोलण्यात जरा बदल दिसला तरी लगेच आणा. मी आमच्या घरी चला म्हटलं. जेद्दाला असलेल्या भाच्यानं तिकडं बोलावलं. त्या म्हणाल्या, “मी कुणाच्या उंबऱ्यावर बसून ‘र’ शिकवू? तू जा. तुझी पोर सांभाळ. हजेरी चुकवू नकोस.”

मी गेले. चिमीचं विमानाचं तिकीट हातात होतं आणि मी गेले.

लिऑनला आल्यापासून हजेरी रोज येते. मी उठते तोवर ती येऊन पडलेली असते. आधी मी ती श्वास रोखून ऐकते, मग चिमीला उठवते. दोन महिन्यांत आपांचा गैन पूर्वीसारखा झाला नाही, पण रोज तोळाभर सुधारत होता.

या सोमवारी वाक्य फार सुरेख आलं. इतकं सुरेख की मी टाळी वाजवली. मागं बादलीची कडी वाजली आणि कुणीतरी गल्लीत “अगे सगीरा” अशी हाक मारत होतं, ती अर्धीच तुटली. मंगळवारीही सुरेख आलं. मागं बादलीची कडी वाजली. “अगे सगीरा” अर्ध्यात तुटलं. बुधवारीही. आज गुरुवार. आजही तेच.

त्या एकच रेकॉर्डिंग रोज पाठवतायत. नवं बोलत नाहीयेत, किंवा बोललेलं मला ऐकू द्यायचं नाहीये.

फोन केला तर उचलत नाहीत. आता चांदपाशाभाईंचा नंबर माझ्याकडं आहे. ते म्हणाले, “आपा ठीक हैं. खिडकीत बसल्यात, मला बघून हात हलवला.” मी विचारलं, काही बोलल्या का. ते म्हणाले, “नाही, हसल्या.” मी म्हटलं, आत जा, बोलायला लावा. ते गेले आणि येऊन म्हणाले, “मान हलवून म्हणाल्या, सब ठीक.” कसं म्हणाल्या ते त्यांना सांगता येईना. त्यांना सगळे ग सारखेच ऐकू येतात. सासूबाई वैजापूरला, त्यांचे गुडघे धरलेत. त्याही म्हणाल्या, “मी जाईन गं, पर मला काय समजनार?”

म्हणून हे लिहितेय. तुम्ही वेरूळला निघाला असाल, किंवा दर्ग्यात फुलं वाहायला खुलताबादला थांबणार असाल, तर वेशीतून आत आल्यावर डावीकडं तिसऱ्या गल्लीत एक निळं दार आहे. समोर चांदपाशाभाईंचं किराणा दुकान. दार वाजवा. खिडकीतून हात हलवला तर तेवढ्यावर परत फिरू नका. चिमीच्या आईनं पाठवलंय म्हणून सांगून आत जा, पाणी मागा आणि त्यांना ‘बाग’ म्हणायला सांगा, ‘गरीब’ म्हणायला सांगा. उजव्या ओठातून हवा निसटते का बघा. शंका आली तर त्यांना विचारत बसू नका. अदब राखू नका. चांदपाशाभाईंना गाडी काढायला लावा.