विभूतीची बोरं

मुरुडच्या रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागली होती. विभूती महाराजांच्या मठातल्या रानबोरीला लिंबाएवढी मोठी, गोड बोरं लगडली होती! लातूर जिल्हा नवा झाला, पण पावसाचं नशीब जुनंच. अशा दुष्काळात हा चमत्कार नाही तर काय?

"चिमूटभर विभूती फुंकली अन् काट्याचं अमृत झालं!" महाराज गरजले. "बोर खा, पाळणा हलंल. बियासकट गिळा, पोरगाच व्हईल!"

बाया डोळे मिटून बिया गिळत होत्या.

चमत्कार बघायला रांगेत आलेल्या रुद्राणीनं प्रसादाचं बोर दाताखाली धरलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ही चव तिच्या घरची होती.

तिच्या नवऱ्यानं, शिवप्पानं, बांधावरच्या उमराण जातीच्या मोठ्या बोरीचं बी रुजवलं होतं. शेजारीच गावठी बोर. मधमाश्यांनी त्या बियात दोघींचा संकर आधीच केला होता. त्या रोपाच्या बोरांना उमराणीचा आकार आला आणि गावठीचा वास. शिवप्पा गेला, झाड राहिलं. दोन वर्षांमागे पावसानं दडी मारली, तेव्हा याच महाराजांनी सांगितलं, "त्या बोरीवर हडळ हाय. तिनं पाऊस बांधलाय." शेषेराव पाटलानं कुऱ्हाड घातली. खोडाला मिठी मारलेल्या रुद्राणीला शेजारच्या कमलम्मानं ओढून काढलं. पाऊस आलाच नाही. महाराजांचे चेले मात्र 'हडळ जाळायला' म्हणून हिरव्या फांद्या घेऊन गेले. तेव्हापासून हडळीची बाई म्हणून रुद्राणीला कुणी लग्नकार्यालाही बोलावलं नव्हतं.

ती झाडापाशी गेली. बुंध्याला भगवं कापड गुंडाळलेलं. त्याखालून फुटलेल्या फांदीला मण्यांएवढी बोरं.

"महाराज, ह्या फांदीला इभूत लागली न्हाई का?"

"ती पापी फांदी हाय!"

"एकाच झाडाला वर पुण्य अन् खाली पाप?"

कुणीतरी हसलं. तेवढ्यात तिनं कापड खेचलं. खोडावर गाठ होती. खाली साल काळी, भेगाळलेली, वर गुळगुळीत.

"बघा. माझ्या बोरीच्या फांदीवरचा डोळा, कोंब फुटतो त्यो, काढून ह्या रानबोरीच्या सालीत बसवलाय. डोळा भरणं म्हणतेत ह्याला. माझा मालक दरसाल करायचा. शिकलं तर कुणालाबी येतंय. गाठीच्या वर लागतंय ते माझं, खाली लागतंय ते रानाचं."

कमलम्मानं बोर चावलं. "अगं बाई, ही तर रुद्राणीचीच बोरं!"

"हिच्या तोंडून हडळ बोलायलीय!" महाराज ओरडले.

रुद्राणीनं खालच्या फांदीची ओंजळभर बोरं पुढं धरली. "फुंका इभूत. करा गोड."

महाराजांनी फुंकलं. कमलम्मानं चाखलं आणि थुंकलं.

"आता तुमी खावा. बियासकट."

लोकांनी कडं केलं. महाराज एकेक आंबट बोर गिळत राहिले, डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. ओंजळ संपेपर्यंत रुद्राणीनं नजर हलवली नाही. तिला जराही दया आली नाही.

शेषेराव कुऱ्हाड घेऊन धावला. "तोडतोच ही बोर!"

"हात लावू नका, पाटील," रुद्राणी आडवी आली. "झाडानं काय केलंय?"

पुढच्या पावसाळ्यात तिनं मागेल त्याला त्या बोरीचे डोळे दिले, बसवायलाही शिकवलं. शेषेराव दारात आला, तेव्हा मात्र ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"झाड पाऊस कसा बांधतंय, हे तवा महाराजाला इचारलं हुतं का?"

"न्हाई."

"मग आधी इचारायला शिका, पाटील. डोळा नंतर देते."