शेवटच्या रांगेतल्या वायरी

"देवमन, समदे काहून अडकले रे?" माणिकराव दारातूनच ओरडले.

मंगरूळपीरच्या त्यांच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये नर्स भरतीची परीक्षा चालू होती. सेंटर माणिकरावांचं, पण मशिनी, वायरी, पंखे, पिण्याचं पाणी, सगळं देवमनकडे. उत्तरावर क्लिक केलं की पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं.

"समद्या मशिनी जोडाचा स्विच जळाला न् तुमी त्याच्या जागी जुना हब लावाले सांगतलं," देवमन हळू आवाजात म्हणाला. "त्याच्यात एका टायमाले एकच मशीन बोलू शकते. दोघं संगं बोलले का दोघायचे निरोप एकमेकावर आदळतात. मंग दोघंही पुन्हा धाडतात, पुन्हा आदळतात. इतक्या मशिनीत उत्तर पोचन कसं?"

"उपाय सांग."

"पाळीपाळीनं चालवू. अर्धे थांबवू, मंग..."

"घड्याळ थांबते का त्यायचं? बोंब झाली तं सेंटर जाईन माहं." माणिकरावांनी कपाळ पुसलं. "काही मशिनी काढून टाक. बाकीच्या तं चालतीन ना? कोन्त्या काढाच्या ते तू पाह्य."

देवमन रांगांमधून फिरला. मशिनींकडे त्यानं पाहिलंच नाही. तो चेहरे पाहत होता. कोण ओरडेल, कोण नाही. पुढे एक पोरगा टेबलावर मूठ आपटत होता. त्याच्या शेजारची मुलगी दारात जमा केलेला फोन परत मागत होती.

शेवटच्या रांगेत कामरगावची संगीता बसली होती. सकाळी ती चपला दाराबाहेर काढून आत आली होती. माउस कसा धरायचा तेही तिनं त्यालाच विचारलं होतं. "यंदाच शेवटचं हाये भाऊ, वय सरते माहं," असं म्हणून हसली होती. आत्ता ती पडद्याकडे पाहत गप्प होती. तिच्या रांगेतल्या बाकीच्या बायाही गप्पच होत्या.

देवमन टेबलाखाली वाकला. आधी तिची वायर काढली, मग तिच्या रांगेतल्या बाकीच्या.

पुढचे पडदे धावायला लागले. पोरानं मूठ उघडली.

"भाऊ, माहं अजून फिरूनच राह्यलं," संगीता मागून म्हणाली.

"थांबा. चालू होते आता."

"बरं." तिनं हात मांडीवर घेतले. देवमन त्यानंतर मागच्या बाजूला फिरकला नाही. वेळ संपली, तशी पडद्यावर सूचना आली आणि परीक्षा बंद झाली.

सगळे निघून गेल्यावरही ती टेबलाशी उभी होती.

"माहं काई चुकलं का, भाऊ?"

देवमननं दाराकडे पाहिलं. माणिकराव तिथंच उभे होते.

"तुमी दोनदा बटन दाबलं असन," तो म्हणाला. "दोनदा दाबलं का मशीन अडकते."

तिचा चेहरा उतरला. तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. "हाव... घाईत दाबलं असन म्या. तुमाले उगाच तरास झाला." तिनं खुर्ची नीट आत सरकवली आणि गेली.

टेबलं पुसताना देवमनला ती खिडकीतून दिसली. खिडकीला लागून उभ्या असलेल्या जीपमध्ये बसून ती नवऱ्याशी फोनवर बोलत होती. "नाई जी, मशीन चांगली होती. माह्याच हातानं झालं."

तिनं फोन पिशवीत टाकला. जीप प्रवाशांनी भरायची अजून बाकी होती. तिनं गुडघ्यावर बोट टेकवलं, हळूच एकदा दाबलं आणि लगेच उचलून घेतलं.