माइकवर जळणारी घंटी

मी पितळेची घंटी बोलतेय. पक्षाच्या सभेत बाबारावांच्या टेबलावर असते ना, तीच. माझ्या शेजारी जो काळा माइक ठेवतात, त्याच्यावर मी मनापासून जळते, हे आधीच सांगून टाकते.

माझा जन्म भंडाऱ्याच्या एका ओतारी घरातला. स्टील प्लांटमध्ये क्लार्क असलेल्या बाबारावांनी मला भिलाईला आणलं, मराठी मंडळाच्या गणपतीसाठी. काय थाट होता माझा! मग मंडळानं विजेवर ढोल-झांजा आपोआप बडवणारं यंत्र घेतलं आणि मी कपाटात गेले. बाहेर आरती चालायची आणि मी आत कुढत बसायचे.

बाबाराव रिटायर होऊन पक्षाच्या कामाला लागले तेव्हा माझं नशीब उघडलं. त्यांच्या पक्षात वॉर्डाचा उमेदवार कार्यकर्तेच मत देऊन ठरवतात. मागच्या वेळी दोन इच्छुकांनी एकमेकांची इतकी उणीदुणी काढली की हरलेल्याची माणसं प्रचाराला फिरकलीच नाहीत आणि वॉर्ड हातचा गेला. म्हणून बाबारावांनी यंदा नियम केला. बोलायचं ते वॉर्डाच्या प्रश्नांवर. कुणी दुसऱ्याच्या घरातलं काढलं की घंटी, आणि घंटी वाजली की त्याची शेवटची, उत्तराची पाळी रद्द.

मी हरखले. पण सभेत बघते तर जो तो माइककडे धावतोय. त्याला फुंकर मारतात, कुरवाळतात, ओठांशी धरतात. माझ्याकडे बघताना मात्र कपाळाला आठ्या. खरं सांगू? कुणीतरी पातळी सोडावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते.

इच्छुक दोघं होते. नरेश, बाबारावांचा सख्खा भाचा, शेजारच्या जामुलला सिमेंटचा व्यापार करणारा. आणि उत्कर्षा, वॉर्डातल्याच कुरुद वस्तीत शिकवण्या घेणारी, नवऱ्यापासून वेगळी राहणारी.

नरेश आधी बोलला. नाल्या, रस्ते, सगळं ठीक चाललं होतं. टाळ्या कमी पडल्या तसा तो घसरला. "जिले आपला नवरा सांभाळता नाही आला, ते वॉर्ड काय सांभाळन?"

आली माझी वेळ! बाबारावांचा हात माझ्या दांड्यावर आला आणि तिथंच थांबला. बहिणीचा मुलगा ना! काहीजण फिदीफिदी हसले. ते घाणेरडं वाक्य माइकनं मोठ्ठं करून शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवलं आणि मी मुकी. माझा नुसता संताप झाला.

उत्कर्षा उठली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. "नरेशभाऊ घरातलंच काढून राहिले, तर त्यांचे वडील दारू पिऊन..." एवढं बोलून तिनं वाक्य अर्धंच सोडलं. मग टेबलापाशी आली आणि तिनं स्वतःच मला उचलून वाजवलं.

"हे माह्यावरच," ती म्हणाली. "माही उत्तराची पाळी गेली. आता पाण्याचं बोलू. कुरुदमध्ये घरं किती वाढली, पाइपलाइन तेवढीच आहे."

पुढचं सारं ती त्या मेल्या माइकवरच बोलली. पण त्याच्याआधी तिनं मला हात लावला होता!

ती बसल्यावर नरेश उत्तराला उठला. बाबारावांनी मला उचललं. आणि या वेळी वाजवलं, चांगलं खणखणीत.

"मामाजी, कावून वाजवून राहिले? मी तर तोंडबी नाही उघडलं."

"मघाचीच आहे हे. तेव्हा माहा हात उठला नाही. बस खाली, नरेश."

मतदान झालं. उत्कर्षा उमेदवार ठरली. नरेशची आई कांता, तिनं भावाशी बोलणंच टाकलं. नरेशही पक्षाच्या ऑफिसात फिरकेना. बाबारावांचं जेवणावरचं मन उडालं. वॉर्ड पुन्हा जाणार, वर बहीणही दुरावली, असंच त्यांनी धरलं होतं.

मग एका सकाळी नरेश ऑफिसात आला. मामाकडे न बघता माइक उचलला आणि प्रचाराच्या ऑटोत जाऊन बसला. थोड्या वेळानं सिविक सेंटरच्या रस्त्यावरून त्याचा आवाज आला, "उत्कर्षा दीदी को जिताइए! हर घर में पानी!" बाबाराव खिडकीत उभे राहून डोळे पुसत ऐकत होते. मी मागे टेबलावर आहे याचं त्यांना भानही नव्हतं.

पुन्हा सगळं कौतुक त्या माइकचं! मी जळू नको तर काय करू?

तुमच्या गावात अशी सभा असेल तर मला खुशाल घेऊन जा. इथं मी रिकामीच आहे. फक्त आधी एक सांगा, समोर तुमचा भाचा उभा असला, तर वाजवाल ना मला?